टेम्पो, पण ऑफ-रोड

तुम्हाला म्हणून सांगतो, दहा किलोच्या बासमतीच्या पिशवीहून जड वस्तू मी कित्येक वर्षांत उचललेली नव्हती, आणि तीसुद्धा डिकीतून स्वयंपाकघरात नेताना मधल्या पायरीवर एकदा टेकवून, कंबरेवर हात ठेवून, आजूबाजूला कुणी बघत नाही ना याची खात्री करून मग पुन्हा उचलायचो. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारा, दिवसभर फिरत्या खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या डेटाबेसची काळजी वाहणारा मी माणूस. पन्नाशीच्या तोंडावर काहींना गिटार शिकावीशी वाटते, काहींना मॅरेथॉन धावावीशी वाटते. ती माणसं सुखी. गिटार माळ्यावर टाकता येते.

मला पिकअप ट्रक घ्यावासा वाटला.

आईला सांगलीला व्हिडिओ कॉलवर ही बातमी दिली तेव्हा ती शेंगा सोलत होती. "म्हणजे टेम्पो?" तिने विचारलं. टेम्पो नव्हे, पिकअप, असं मी समजावून सांगितलं. "मागे उघडा असतो का?" असतो. "मग टेम्पोच की." मागून बाबांनी तो भाड्याने देणार आहेस का, अशी चौकशी केली. त्यांचं तरी काय चुकलं? सांगलीत असली गाडी म्हणजे द्राक्षाच्या पेट्या, दुधाचे कॅन, आणि लग्नसराईत मांडववाल्याच्या खुर्च्या. मी अमेरिकेतल्या ट्रकसंस्कृतीवर एक छोटं व्याख्यान दिलं; फोर्डची एफ मालिका इथे 1977 पासून सर्वांत जास्त खपणारा ट्रक आहे, वकील आणि दातांचे डॉक्टरसुद्धा ट्रकमधून कामाला जातात, हे सगळं सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "नोकरी आहे ना रे तुझी?"

मी टोयोटा टॅकोमावर थांबलो. मोठे ट्रक आमच्या गराजमध्ये मावत नव्हते, आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्यात मावत नव्हतो. स्टिअरिंगमागे बसलो की बाहेरून फक्त चष्मा दिसायचा. टॅकोमा जरा बेताची. आता नाव जपानी असलं तरी ही गाडी टेक्सासातल्या सॅन अँटोनिओत आणि मेक्सिकोत बनायची, आणि त्याच्या मुळाशी चक्क कोंबडी आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेची स्वस्त कोंबडी पश्चिम जर्मनीत इतकी खपू लागली की युरोपीय सामायिक बाजाराने तिच्यावर जकात वाढवली. त्यावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर उलटी जकात बसवली. 1964 पासून ती लागू झाली. बाकीच्यांची पुढे सुटका झाली, ट्रकवरचे 25 टक्के मात्र तसेच राहिले, आणि जपानहून ट्रक आणणं परवडेनासं झालं. ही कोंबडीची कथा मी त्या काळात जो भेटेल त्याला सांगत असे. लोक मला भेटेनासे झाले.

खरा घोळ पुढे होता. मी बघत होतो त्या 2019 च्या टॅकोमात दोन पॅकेजं होती, टीआरडी स्पोर्ट आणि टीआरडी ऑफ-रोड. इंजिन दोन्हींत तेच, साडेतीन लिटरचं, 278 अश्वशक्तीचं. किमतीतही फारसा फरक नाही. किंमत दुप्पट असती तर आमच्या घरात प्रश्न पाच मिनिटांत सुटला असता; पण पैसे जवळपास सारखेच म्हटल्यावर निर्णय केवळ माझ्या अक्कलहुशारीवर येऊन पडला.

स्पोर्ट ही रस्त्यावरची गाडी. सतरा इंची चाकं, चाकांवरच्या पाळ्या गाडीच्याच रंगाच्या, सस्पेन्शन डांबरावर बरं वागेल असं बांधलेलं, आणि बॉनेटवर हवा आत घेण्यासाठी एक भारदस्त उंचवटा. या उंचवट्यातून हवा आत जात नाही. तो नुसता दिसायला आहे. माझ्या बायोडेटात असे दोन-तीन उंचवटे असल्यामुळे मला त्याबद्दल लगेच आपुलकी वाटली. ऑफ-रोडची चाकं सोळा इंची, पाळ्या काळ्या आणि खरबरीत, बिलस्टीनचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारं लॉकिंग डिफरन्शियल, चिखल-वाळू-दगड यांतलं काय समोर आहे ते गाडीला सांगायची सोय, आणि क्रॉल कंट्रोल. म्हणजे बिकट जागी ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर गाडी स्वतः सांभाळते, आपण फक्त स्टिअरिंग धरायचं. ज्या गाडीत माझ्याकडून कमीत कमी अपेक्षा आहेत ती माझ्यासाठीच बनली आहे, हे मला पहिल्या वाचनातच पटलं होतं.

पण मी संगणकवाला. मी एक्सेल उघडलं. निकष लिहिले, प्रत्येकाला भारांक दिले, रंगीत रकाने केले आणि रात्री उशिरा उत्तर आलं, स्पोर्ट. स्पष्ट बहुमताने. मग मी भारांक बदलले.

"आपण दगडांवर कधी चढतो?" बायकोने चहा गाळता गाळता विचारलं. मी म्हटलं, चढू. "ऑफिसचा पार्किंग लॉट, ओक ट्री रोड, आणि मंदिर, यात दगड कुठे लागतात?" मी म्हटलं, प्रश्न दगडांचा नाही, शक्यतेचा आहे. तिने गाळणी आपटली, ती नेहमीपेक्षा जरा जोरात आपटली असं मला वाटलं.

शोरूममधल्या तरुण विक्रेत्याने मला बोट आहे का, ट्रेलर आहे का, कॅम्पिंग करता का, असं विचारलं. वाणसामान आणतो, असं सांगायला जीभ रेटेना, म्हणून मी अर्धवट मान हलवली. भारतीय मान. तिचा त्याने हवा तो अर्थ घेतला आणि आम्ही ऑफ-रोड घेऊन घरी आलो. मागच्या बाजूला दोन्हीकडे मोठ्या अक्षरांत तसं छापलेलंही होतं, त्यामुळे आता माघार नव्हती. क्रॉल कंट्रोलचं गोल बटण आरशाच्या वर, छतात बसवलेलं असतं. पहिले कित्येक आठवडे रात्री पडलेली चिल्लर शोधायला मी ते दिव्याचं म्हणून फिरवत होतो.

आई-बाबा उन्हाळ्यात आले तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. जमिनीपासून गाडीची उंची ऑफ-रोड माणसाला अभिमानाची वाटते, पण गुडघेदुखी असलेल्या, नऊवारी नसली तरी पाचवारी नेसलेल्या बाईला ती चढायची असते. आईने विमानतळावर गाडीकडे वर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि ती बायकोच्या जुन्या सेडानमध्ये जाऊन बसली. पुढे घरातलं फोडणीच्या फडताळाखालचं प्लास्टिकचं स्टूल कायमचं ट्रकमध्ये गेलं. हजारो डॉलरच्या त्या सगळ्या सामग्रीत रोज वापरात आलेली वस्तू तीच.

एकदा तरी गाडी खऱ्या अर्थाने ऑफ-रोड न्यायची म्हणून मी आयलंड बीच स्टेट पार्क गाठायचं ठरवलं. तिथे अटलांटिकच्या वाळूवर गाडी न्यायला मिळते, पण परवाना असतो तो मासेमारीच्या गाड्यांचा. म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह हवी हे तर झालंच, शिवाय गळ, आमिष, फावडं, ओढायचा दोर, टायरची हवा मोजायचं यंत्र, सगळं बरोबर हवं. मी जन्माचा शाकाहारी. केवळ वाळूवरून गाडी हाकता यावी म्हणून मी आयुष्यातला पहिला गळ विकत घेतला, आणि आमिष म्हणून मिळालेले माकूळ फ्रिजमध्ये उघडे कसे ठेवायचे म्हणून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरून ठेवले. झाकणावर लिहून ठेवायला हवं होतं, हे नंतर सुचलं.

सासरे त्या वेळी आमच्याकडे होते. मूळचे मालवणचे. मासेमारी म्हटल्यावर ते आदल्या रात्रीपासून तयार होते. किनाऱ्यावर पोचलो, मी दिमाखात डांबर सोडून वाळूत शिरलो, शंभरेक पावलं गेलो असेन आणि गाडी बसली. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, ती आणखी बसली. लॉकिंग डिफरन्शियलचं बटण दाबलं तर काही होईना, कारण ते फोर-लो, म्हणजे चारही चाकांच्या मंद गिअरमध्येच लागतं. फोर-लो फिरवलं तर दिवा नुसता लुकलुकत राहिला, कारण त्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये घ्यावी लागते. आणि हे सगळं लिहिलेली पुस्तिका मी नीट जपून, घरच्या कपाटात, पासपोर्टांच्या फाइलमध्ये ठेवलेली. शेवटी कसंबसं सगळं जुळलं आणि मी क्रॉल कंट्रोल लावलं. मिक्सरच्या भांड्यात वाटीभर खडे घालून फिरवावेत असा आवाज खालून सुरू झाला. तो आवाज तसाच येतो, ब्रेक आळीपाळीने लागत-सुटत असतात, आणि गाडी खरं म्हणजे त्या क्षणी इंच इंच वर येत होती. पण सासरे ओरडले, "जावईबापू, मोडली! बंद करा!" आणि मी बंद केली. गाडी होती तिथे परत गेली.

आता जेवून घेऊ, मग बघू, असं बायकोने ठरवलं. मागचं झाकण पाडून आम्ही पुऱ्या आणि बटाट्याची भाजी मांडली. गोडाला काय म्हणून सासऱ्यांनी श्रीखंडाचा डबा उघडला. माझा श्वास अडकला. त्यांनी डबा नाकाजवळ नेला, आत नीट निरखलं आणि निकाल दिला, "माकूळ शिळा आहे."

तेवढ्यात एक म्हातारबुवा आपल्या गंजक्या पिकअपमधून आले. त्या गाडीवर कसलंही पॅकेज छापलेलं नव्हतं. मागचा बंपरसुद्धा दोराने बांधलेला होता. उतरून त्यांनी माझ्या गाडीवरची अक्षरं सावकाश, मोठ्याने वाचली. मग टायरला हात लावून विचारलं, हवा किती आहे? रस्त्यावर असते तेवढीच आहे, मी म्हटलं. वाळूत शिरण्याआधी ती साधारण निम्म्यावर आणायची असते, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. हवा मोजायचं यंत्र माझ्याकडे होतं. पाकिटात, न फोडलेलं. बुवांनी चारही चाकांची हवा सोडली, माझ्याच फावड्याने पुढची वाळू दोन-चार हात ओढली (फावड्यावर किमतीची चिठ्ठी होती, ती त्यांनी वाचली नसल्याचं सौजन्य दाखवलं), आणि गाडी कुठलंही बटण न दाबता बाहेर आली. बिलस्टीन नाही, डिफरन्शियल नाही. फुस्स.

सासऱ्यांनी मात्र त्यांच्याशी तासभर मासे या एकाच विषयावर गप्पा मारल्या. एकाला इंग्रजी बेताचं, दुसऱ्याला मालवणी अजिबात नाही. तरी परतताना आमच्या डब्यात ताजा मासा होता. "एवढा ट्रक घेतलात," सासरे घरी येताना म्हणाले, "बर्फाची पेटी तेवढी राहिली."

त्यानंतर गाडीने वाळू बघितली नाही. त्याचं कारण वेगळंच आहे. गणपतीच्या आधी मंडळाच्या बैठकीत कुणीतरी सहज म्हणालं, "अरे, याच्याकडे ट्रक आहे ना!" झालं. मखराचं प्लायवूड, स्पीकर, सतरंज्या, पातेली, प्रसादाचा शिरा, सगळ्यासाठी मला फोन. प्लायवूड 4 फूट बाय 8 फुटांचं, माझ्या गाडीचा मागचा भाग जेमतेम 5 फुटांचा, आणि चाकांच्या फुगवट्यांमधली जागा 4 फुटांहूनही कमी. त्यामुळे ते तिरकं उभं करायचं, दोराने बांधायचं आणि वाऱ्याच्या दिवशी देवाचं नाव घेत हायवेवर यायचं. मग लोकांची घरं बदलू लागली, मुलांची कॉलेजं सुरू झाली, कुणाचा सोफा, कुणाची गादी, कुणाच्या सासूबाईंचं शिवणयंत्र. उचलायला अर्थात मीही लागतो. पायरीवर टेकवून.

आईला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मग भाडं काय घेतोस?"

तेव्हा तुम्ही कुणी या दोन पॅकेजांमध्ये अडकला असाल तर अनुभवाचं सांगतो. ऑफिस, वाणसामान आणि देऊळ एवढंच असेल तर स्पोर्ट घ्या. खोट्या उंचवट्याने कुणाचं काही बिघडत नाही. वाळू-दगडांत खरोखर जाणार असाल तर ऑफ-रोड घ्या, पण पुस्तिका गाडीत ठेवा, आणि हवा मोजायचं यंत्र आधी पाकिटातून काढा. मात्र नुसता सोफाच हलवायचा असेल तर यातलं काहीच घेऊ नका. माझा नंबर मंडळाकडे आहे.