पायांचा रंग

अण्णा नात्याने माझे साडू. वयाने बारा वर्षांनी मोठे, म्हणून अण्णा. सहकारी संस्थांची दप्तरे तपासण्यात चौतीस वर्षे घालवून ते निवृत्त झाले, तेव्हा कचेरीतल्या मंडळींनी वर्गणी काढून त्यांना दुर्बीण दिली. दुर्बीणच का, हे कोणी सांगू शकत नाही. माझा अंदाज असा, की या माणसाने यापुढे आपल्याकडे न बघता लांब कुठेतरी बघावे, अशी सर्वांची मनापासून इच्छा असावी. सालिम अलींच्या आयुष्याला पिवळ्या गळ्याच्या एका चिमणीने वळण लावले. अण्णांच्या आयुष्याला ते 8×42 ने लावले. यातला 8 म्हणजे किती पट मोठे दिसते आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. हे मी विचारले नव्हते.

पहिल्या वर्षात बुलबुल, दयाळ, तांबट, खंड्या वगैरे संपले. ‘संपले’ हा शब्द अण्णांचाच. एकदा वहीत बरोबरची खूण झाली, की त्या पक्ष्याचे प्रकरण निकाली निघते. मग तो खिडकीत येऊन कितीही गाऊ दे, अण्णा मान वर करत नाहीत. दुसऱ्या वर्षी पाणपक्षी झाले. सगळी मुंबई शिवडीला रोहित पक्षी बघायला लोटते, म्हणून मीही अण्णांना घेऊन गेलो. समोर खाडीच्या चिखलात हजारो रोहित, मागे नवा अटल सेतू, लोकांचे फोटो काढणे चाललेले. अण्णांनी पाच मिनिटांत दुर्बीण गळ्यात सोडून दिली. “मोठा रोहित, छोटा रोहित. दोनच जाती. याला काय डोळे लागतात?” असे म्हणून ते पाठ फिरवून उभे राहिले आणि धक्क्याच्या खांबावर बसलेल्या एका पांढुरक्या, चिडक्या चेहऱ्याच्या पक्ष्याकडे बघू लागले.

तो कुरव होता. तिथून पुढे अण्णा आमचे राहिले नाहीत.

कुरव म्हणजे समुद्रावर होड्यांच्या मागे कलकलाट करत फिरणारा, मिळेल ते गिळणारा पक्षी. थंडीत आपल्या किनाऱ्यावर येतो, उन्हाळा लागला की जातो. त्याच्यावर कविता करायची कोणाला सुचत नाही. पण लेखापरीक्षकाला जसे वर्षानुवर्षे न जुळलेले खाते आवडते, तसा अण्णांना कुरव आवडला, कारण त्याचा हिशेब कधीच जुळत नाही. साधे नाव घ्या. तपकिरी डोक्याचा कुरव. लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांकाठी हा पिल्ले काढतो आणि हिवाळ्यात आपल्याकडे येतो. आपल्याकडे येताना मात्र डोक्याचा तपकिरी रंग तिकडेच ठेवून येतो. इथे असतो तेव्हा डोके पांढरे, कानापाशी एक काळपट ठिपका. मार्च-एप्रिलमध्ये, निघायची वेळ झाली की डोके पुन्हा तपकिरी व्हायला लागते. काळ्या डोक्याच्या कुरवाची तऱ्हा तीच. म्हणजे थंडीत बंदरावर दोन पांढऱ्या डोक्याचे पक्षी शेजारी शेजारी बसलेले असतात. त्यातला एक काळ्या डोक्याचा आणि एक तपकिरी डोक्याचा. कुठला कुठला, हे डोळ्यांच्या बुबुळावरून ठरवायचे. फिकट बुबुळ तपकिरीचे, गडद बुबुळ काळ्याचे. डोके दिसत असताना डोके बघायचे नाही, हा या शास्त्राचा पहिला धडा.

मोठ्या कुरवांचा घोळ तर विचारूच नका. ते वयात यायला चार वर्षे घेतात आणि दरवर्षी कपडे बदलतात. पहिल्या हिवाळ्यातला, दुसऱ्या हिवाळ्यातला, तिसऱ्या हिवाळ्यातला, असे एकाच पक्ष्याचे चार अवतार. त्यातून ह्यूग्लिनचा कुरव नावाचा जो आहे, तो स्वतंत्र जात की दुसऱ्या कुठल्या जातीची पोटजात, यावर पंडितांचे एकमत नाही. एका यादीत तो वेगळा, दुसरीत तो आत. अण्णांनी एकदा यादी बदलली आणि त्यांच्या 312 पक्ष्यांचे बसल्या जागी 311 झाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, घाबरून विचारले, “अहो, कोण गेलं?”

“ह्यूग्लिन.”

“तुमच्या ऑफिसातले का?”

आपल्याकडे 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. 5 ला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला सालिम अलींचा. त्या सप्ताहात सोसायटीच्या सभागृहात अण्णांनी चित्रांसह व्याख्यान दिले. मागच्या खुर्चीवरच्या एका आजोबांनी हात वर करून सांगितले, “अहो, पहिलंच चित्र अडकलंय, पुढे जात नाहीये.” तेव्हा सतरावे चित्र चालू होते.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचवर हिवाळ्यात कुरव मागे लागतात आणि उतारू त्यांना कुरकुरे, गाठी, शेव असे काय काय भिरकावतात. अण्णांना ते दोन्ही बाजूंनी असह्य होते. पक्ष्यांना तळलेले घालू नये, हे ते गळा सुकेपर्यंत ओरडून सांगतात. पण कुरकुऱ्यासाठी कुरव हातभर अंतरावर आला, की सांगता सांगता मध्येच थांबून त्याचे बुबुळ बघून घेतात. एकदा एका लहान मुलाने त्यांना विचारले, “आजोबा, मी नको टाकू का?” अण्णांनी इकडे तिकडे बघितले आणि हळूच म्हणाले, “शेवटचा एक टाक. डावीकडे.”

तर यंदाच्या जानेवारीत आम्ही चौघे हर्णैला गेलो. माझी बायको आणि ताई या दोघी मालवणच्या. त्यांना मासळी दिसल्याशी मतलब. अण्णांना कुरव. मला सुट्टी. हर्णैचा मासळीचा लिलाव पुळणीवरच भरतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, खोल पाण्यात नांगरलेल्या होड्या, तिथून माल किनाऱ्याला आणायची लगबग, बैलगाड्या, बर्फाचा चुरा, टोपल्या, आणि या सगळ्यावर तरंगत असलेला सुकत्या मासळीचा वास. तो पहिली दहा मिनिटे नाकाला झोंबतो, मग भूक लावतो. कुरवांना याहून चांगली जागा कुठली?

अण्णांनी आता दुर्बिणीच्या जोडीला तिकाटण्यावरचा टेलिस्कोप घेतला आहे. सकाळी सात वाजता त्यांनी तो वाळूत रोवला, टोपी घातली, वही काढली, आणि पाच मिनिटांत आमच्याभोवती माणसे जमली.

“जेटीच्या मोजणीला आलात काय?” एकाने विचारले.

“नाही, कुरव बघायला.”

“कोन?”

“हे पक्षी.”

माणसे निराश होऊन पांगली. दोन खलाशी मात्र लांबून नजर ठेवून राहिले. समुद्राकडे दुर्बीण लावून वहीत आकडे मांडणारा माणूस मासेमारी खात्याचा नसेलच, यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांचे चूक नव्हते. चौतीस वर्षांची सवय अण्णांच्या उभे राहण्यात उतरली आहे. ते नुसते उभे राहिले तरी समोरच्याला आपली पावतीपुस्तके आठवतात.

मासळीच्या टोपल्यांपाशी बसलेल्या एका मावशींनी तेवढी विचारपूस केली. अण्णा मोबाइलमध्ये भरती-ओहोटीचे वेळापत्रक शोधत होते आणि रेंज येत नव्हती. “काय बघताव?” मावशी म्हणाल्या. “आज आठम. सहाला भरती झाली. भांगाचं पानी हाय, लय नाय उतरायचं.” हिशेब सोपा आहे आणि कोकणात पोरासोरांना ठाऊक असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आठाची पाऊणपट सहा. अण्णांनी तो वहीत लिहून घेतला आणि खाली रेघ मारली. आकडा पटला की ते नेहमी खाली रेघ मारतात.

साडेसातला तो दिसला. दोन-अडीचशे कुरवांच्या थव्यात, ओल्या वाळूवर, जरा बाजूला. मला तो इतरांसारखाच दिसला. अण्णांचा श्वास बदलला. पाठीचा राखी रंग ह्यूग्लिनपेक्षा फिका, चोच लांब, कपाळ उतरते. “कॅस्पियन असू शकतो,” ते कुजबुजले. अडीचशे पक्ष्यांच्या गोंगाटात कुजबुजण्याचे काही कारण नव्हते. “फक्त पाय बघायला हवेत. पिवळे असले तर नेहमीचाच. फिकट, गुलाबीसर असले तर...” पुढे त्यांना बोलवेना.

पण पक्षी पोट वाळूला टेकून बसला होता. पाय पोटाखाली.

आम्ही वाट बघू लागलो. आठ वाजले. लिलावात एका ढिगाभोवती बोली चढली आणि उतरली. कुरवाने एक जांभई दिली. सव्वाआठला तो अर्धवट उठला, वळला, आणि दुसऱ्या बाजूला तोंड करून बसला. उठला त्या क्षणी त्याच्या आणि आमच्या मध्ये एक बैलगाडी होती. मी म्हटले, “अण्णा, मी जरा टाळी वाजवू का?”

माझ्याकडे त्यांनी जसे पाहिले, तसे एखाद्या पतपेढीच्या सचिवाकडे पाहिले असेल तर त्या सचिवाची मला दया येते. ते पक्षी हजारो किलोमीटर उडून आलेत, विश्रांती घेताहेत, त्यांना उठवणे म्हणजे त्यांची साठवलेली शक्ती वाया घालवणे, असे ते पाच मिनिटे बोलले. सगळे खरे होते. पण बोलताना त्यांचा उजवा पाय वाळूतला एक शिंपला हळूहळू पुढे ढकलत होता, हेही मी पाहिले.

नऊला मावशींनी चहा मागवला, आम्हालाही दिला. अण्णांनी डोळा टेलिस्कोपवरून न काढता कप घेतला.

“एवढं काय हाय त्या पाखरात?”

“त्याचे पाय बघायचेत.”

मावशींनी तोंडावर पदर घेतला. “पाय? मागं कोन लागलंय ते बघावं. थवा ज्या होडीच्या मागं येतो ना, तिच्यावर माल निवडायचं काम चाललेलं असतं. ती होडी भरून येते. बिनपाखराची होडी आली, तर आमी जागची उठत नाय.”

चौतीस वर्षांत अण्णांना एका वाक्यात इतकी माहिती कोणी दिली नसेल. ती त्यांनी लिहून घेतली नाही, कारण एक हात कपात गुंतला होता आणि डोळा पक्ष्यावर. मी मात्र थव्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले. लांबून एक होडी येत होती आणि तिच्यामागे पांढऱ्या ठिपक्यांची शेपूट होती. मावशी टोपली सरसावून उठल्या.

साडेनऊच्या सुमारास एक कुत्रा आला. बंदरावरचा, तांबूस, कान कुरतडलेला, कोणाशी वैर नसलेला. तो थव्याच्या मधून सहज धावत गेला. अडीचशे पक्षी एकदम उठले. वाळू, पाणी, पंख, कलकलाट. अण्णा टेलिस्कोप फिरवू लागले, तर त्यात नुसते आभाळ येऊ लागले.

“दिसले का? पाय? तुम्ही बघत होतात ना?”

मी बघत होतो. अगदी डोळ्यात तेल घालून बघत होतो. तो उठला तेव्हा क्षणभर पाय दिसले होते.

“कुठले होते?”

“मळके.”

“मळका हा रंग नव्हे,” अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता. नुसती नोंद होती.

परत निघताना ताईंनी सांगितले होते म्हणून अण्णांनी बांगडे घेतले. मावशी होडीकडे गेल्या होत्या, म्हणून दुसऱ्याच एका बाईंकडून. उतरलो होतो त्या घरी पिशवी उघडताच ताईंनी एका बांगड्याचा कल्ला अंगठ्याने वर केला. आत लाल असायला हवे तिथे उडालेल्या जांभळ्या चिठ्ठीचा रंग होता. डोळे खोल गेलेले. बंदरावर उभे राहून, सगळी ताजी मासळी समोर असताना, अण्णांनी बर्फातले चार दिवसांचे बांगडे आणले होते.

“कल्ले उघडून बघितलेत का?” ताईंनी विचारले.

“बाहेरून बरे दिसत होते.”

“पाखराच्या डोळ्याचं बुबुळ दिसतं तुम्हाला मैलावरून!”

यावर अण्णांनी काही म्हटले नाही. ते ओट्यापाशी वाकून बांगड्याच्या डोळ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मला वाटले, आता मासेही सुरू होणार. माझी बायको तेवढ्यात बांगडे घेऊन मांजराकडे गेली.

दुपारी भाताबरोबर नुसती सोलकढी आणि पापड होता. जेवण झाल्यावर अण्णा ओसरीवर मोबाइल घेऊन बसले आणि सकाळच्या नोंदी ॲपमध्ये भरू लागले. तपकिरी डोक्याचा कुरव : 140. काळ्या डोक्याचा : 60. ह्यूग्लिन : 41. समुद्र बगळा : 2. शेवटच्या ओळीवर ते बराच वेळ थांबले. मी डोकावलो. कॅस्पियन लिहिले असते तर कोणी विचारायला येणार नव्हते. तो पक्षी, ते अण्णा आणि मी, एवढेच साक्षीदार, आणि मी तर मळका म्हणणारा. त्यांनी लिहिले, ‘कुरव, जात अनिश्चित : 1’. मग फोन उपडा ठेवून आडवे झाले आणि घोरू लागले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा तिकाटणे जागेवर नव्हते. ओसरीवर वहीचा एक कागद चपलेखाली दाबून ठेवला होता. त्यावर फक्त एक गुणाकार होता, उत्तराखाली रेघ मारलेला. नवमीची भरती पावणेसातला होती.