निर्दोष भाडेकरूचा दोष

इंग्लंडच्या 1988 च्या गृहनिर्माण कायद्यातील कलम 21 हा सौजन्याचा नमुनाच म्हणावा लागेल. कारण कराराची ठरलेली मुदत उलटल्यावर घरमालकाने दोन महिन्यांची लेखी नोटीस दिली की भाडेकरूचा दोष सिद्ध न करता, किंबहुना कारणच न सांगता, न्यायालयाकडून घराचा ताबा मिळवण्याची सोय त्यात होती. या ‘निर्दोष निष्कासना’त, म्हणजे भाडेकरूची चूक नसताना घर रिकामे करून घेण्यात, दोष शोधण्याचे उरलेले काम स्थानिक कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, गृहसाहाय्य विभागाच्या वाट्याला येई. येत्या 56 दिवसांत बेघर होऊ शकणाऱ्याला मदत करणे 2017 च्या कायद्याने कौन्सिलवर बंधनकारक केले असले, तरी नोटिशीचा मान राखून वेळेवर घर सोडणारा ‘हेतुपुरस्सर बेघर’, म्हणजे आपल्याच कृतीने घर गमावलेला, ठरू शकत असल्याने, बेलिफ दाराशी येईपर्यंत जागचे हलू नये, असा सल्ला त्याला अनेक ठिकाणी मिळे. सरकारची मार्गदर्शिका अशा सरसकट धोरणाच्या विरुद्ध होती. पण मार्गदर्शिका फायलीत लावण्यासाठी असते, हे कोणत्याही देशातल्या कारकुनाला शिकवावे लागत नाही. दरम्यान दाव्याचा खर्च बहुधा भाडेकरूच्याच माथी बसे. हे कलम रद्द करण्याचे आश्वासन एप्रिल 2019 मध्ये दिले गेले, तसा कायदा ऑक्टोबर 2025 मध्ये संमत झाला आणि अंमलासाठी 1 मे 2026 ही तारीख ठरली; दोन महिन्यांची मुदत फक्त भाडेकरूंना होती.