इतर हक्कात

भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला भूकरमापक सिनेमाच्या नादी लागला की काय होतं, हे पाहायचं असेल तर आमच्या नानांच्या शेजारची खुर्ची पकडावी. उभा जन्म बांधावरची भांडणं ऐकत साखळी ओढण्यात गेला. आता अंधारात मोबाइलची बॅटरी लावून ते डायरीत नोंदी करतात. मागून ‘ओ काका, लाइट!’ असा गलका होतो, पण अतिक्रमणवाल्यांच्या शिव्या पचवलेला माणूस तो, ढिम्म हलत नाही.

हे खूळ पुतणीने लावलं. अ‍ॅलिसन बेक्डेल या अमेरिकन व्यंगचित्रकर्तीने १९८५ साली चित्रकथेत मांडलेली कसोटी तिने नानांना सांगितली. सिनेमात निदान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि विषय पुरुषाखेरीज काहीतरी हवा. “ही झाली साधी मोजणी,” नाना म्हणाले, “आपण अतितातडीची करू.” आणि त्यांनी जात, धर्म, अपंगत्व असे रकाने पदरचे वाढवले. कार्यक्षेत्रही ठरवून घेतलं: शाळा-कॉलेजच्या वयातल्या प्रेमाचे मराठी सिनेमे.

२०१६ मध्ये ‘सैराट’ला सगळं थिएटर ‘झिंगाट’वर नाचत होतं आणि नाना मधोमध बसून लिहीत होते. “परश्या मासेमाराचा. मित्र एक सलीम, एक पायाने अधू. क्षेत्र चांगलं आहे!” नायिका आर्ची बुलेटवरून आली, ट्रॅक्टर घेऊन आली, नानांनी दोन्ही नोंदींखाली रेघ मारली. हैदराबादेत परश्या डोसे घालतो आणि आर्ची कारखान्यात कामाला जाते म्हटल्यावर तर मला कोपराने ढोसलं. पुढे त्याच परश्याने संशयाने तिच्यावर हात टाकला, तेव्हा लाल शेरा. शेवटाने सगळे सुन्न झालेले. बाहेर जिन्यात नाना हळूच विचारतात, “आर्ची आणि तिची मैत्रीण परश्या सोडून काही बोलल्या का हो?”

आमचं वाजलं ते ‘फँड्री’वरून. त्यांनी त्यातल्या शालूला शून्य दिलं होतं, कारण ती नायक जब्याशी बोलतच नाही. म्हटलं, नाना, तेच तर दिग्दर्शक नागराज मंजुळेंना दाखवायचंय! डुकरं धरायला लागणाऱ्या कैकाडी घरातल्या पोराला ती लांबूनच दिसणार. तिने दोन वाक्यं बोलून तुमचा रकाना भरला असता, पण सिनेमा पडला असता.

“मान्य,” नाना म्हणाले. खात्यातला माणूस हरकत इतक्या सहज मान्य करतो तेव्हा सावध व्हावं. “पण ‘शाळा’तली शिरोडकर दिसते ती मुकुंद जोशीला दिसते तेवढीच. ‘टाइमपास’ही आधी दगडूचा, मग प्राजक्ताचा. दोन्हीकडे नायिका केतकी माटेगावकरच. दोनदा हजर राहून पोरीच्या नावावर गुंठा नाही! सातबारा काढून बघा. कब्जेदार पोरगा, पोरगी इतर हक्कात.”

यावर मला उत्तर सुचलं नाही. आर्चीपुरता अपवाद धरला, तर नानांची हद्द बरोबर आहे. गोष्टीत पोरं निरनिराळ्या वस्त्यांतून यायला लागली, ही मोठीच गोष्ट झाली; पण बघणारे डोळे बहुतेक वेळा पोराचेच राहिले.

तेव्हा चौदा वर्षांच्या मुलीच्या नावावर कुणी अख्खा सिनेमा करत असेल, तर जरूर कळवा. नानांचं तिकीट मी काढतो. फक्त त्यांना शेवटच्या रांगेत बसवा.