आरओ कुठला तालुका?

तुमच्या नात्यातही असा एकजण असणारच. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पुढे ठेवली तरी तिचं पहिलं रोप आपल्या आत्याच्या परसात लागलं होतं, असं शपथेवर सांगणारा. त्यामुळे ओळखपाळख करून देण्यात वेळ घालवत नाही. आमच्या घरात हे खातं शहापूरच्या साडूभाऊंकडे आहे. एसटीच्या कंडक्टरकीतून ते निवृत्त झाले, पण चौकशीची सवय काही निवृत्त झाली नाही. पूर्वी माणसांना विचारायचे, आता पाण्याला विचारतात: कुठून आलं, कुठे चाललं?

मुलीला पहिला पगार झाला तेव्हा तिने सगळ्यांना घाटकोपरच्या मॉलमधल्या डिमसमच्या हॉटेलात नेलं. चेनच आहे ती, एका शाखेत जेवलात की सगळ्या शाखांत जेवल्यासारखं. साडूभाऊ आसनगावहून लोकलने आले. घाटकोपरला पाइपलाइनचे ते अजस्र काळे नळ दिसले तसे रिक्षातूनच म्हणाले, "ही आमच्याकडची मंडळी. तानसा. अठराशे ब्याण्णवपासून इकडे येऊन राहिलीत, एकदाही माघारी आली नाहीत."

बसल्याबसल्या वेटरने विचारलं, "सर, मिनरल ऑर रेग्युलर?"

"रेग्युलर किधर का है?"

"आरओ का है सर."

"आरओ कौनसा तालुका?"

वेटर बिचारा आत जाऊन मॅनेजरला विचारून आला. मॅनेजर म्हणाला म्हणे, बीएमसीचं. साडूभाऊंना तेवढंच हवं होतं. बीएमसीचं पाणी म्हणजे काय बीएमसीच्या गच्चीवर पडतं का? तानसा, भातसा, मोडकसागर. धरणं मोजताना त्यांनी सोया सॉसची बाटली, मिरचीची वाटी आणि माझा चष्मा अशी टेबलावर मांडली. टिश्यूपेपरची नदी करून भातसाचं पाणी पिसेपर्यंत नेलं, तिथे उचललं, पांजरापूरला शुद्ध केलं आणि मुंबईला पाठवलं. मुंबईच्या साठ्यातला जवळजवळ निम्मा एकट्या भातसाचा. माझा चष्मा भातसा होता, त्यामुळे मेन्यू वाचायचं काम आपोआपच दुसऱ्यांकडे गेलं.

तेवढ्यात बांबूच्या टोपल्या आल्या. झाकण उघडल्यावर वाफेचा लोट उठला. आम्ही सगळे आतल्या पांढऱ्या पारीतून दिसणाऱ्या गुलाबी कोळंबीकडे बघत होतो. साडूभाऊ वाफेकडे.

"ही आमची," ते म्हणाले.

मग थांबणं नाही. डिमसमबरोबर चहा प्यायची कॅन्टनकडची जुनी रीत, म्हणून मोगऱ्याच्या वासाचा बिनदुधाचा चहा आला. पत्ती चीनची असेल, बाकी सगळं शहापूरचं. मुलीच्या सरबतातला बर्फ शहापूरचा. हात पुसायला दिलेला गरम ओला रुमाल शहापूरचा. तांदळाच्या पिठाची धिरड्यासारखी पातळ गुंडाळी आली तेव्हा मला वाटलं, भातशेतीवाला माणूस आता तरी तांदळाबद्दल बोलेल. ते म्हणाले, "पीठ भिजवलंय कशात?"

शेवटी सूप भरलेले डम्पलिंग आले. हा शांघायकडचा प्रकार: अख्खा तोंडात टाकायचा नाही, चमच्यात घेऊन कडेला लहानसं छिद्र पाडून आधी रस्सा ओढून घ्यायचा. साडूभाऊंनी काट्याने भोसकलं. रस्सा सरळ माझ्या शर्टावर. पण त्यांना शर्टाचं काही नव्हतं. "आत पाणी शिरलं कुठून?" वेटर आता सरावला होता. त्याने नीट समजावलं: रस्सा आधी थंड करून थिजवतात, वडीसारखा कापून सारणात घालतात, पारी मिटतात, वाफेवर तो आतच वितळतो.

"आणि गळत नाही?"

"नहीं सर. अठरा चुन्नट डालते हैं."

साडूभाऊ बराच वेळ त्या चुण्या मोजत बसले. मग म्हणाले, "कागदाएवढ्या पारीत हा पोरगा पाणी धरून ठेवतो. आमच्या गावची टाकी सिमेंटची आहे."

आमच्या सौ.चे मुरबाडचे एक मामेभाऊ आहेत. हाच रोग, फक्त धरण वेगळं. एकदा डोंबिवलीच्या एमआयडीसी भागात एका मोमोवाल्याकडे या दोघांना समोरासमोर बसवायचं पाप मी केलं. साडूभाऊंनी सवयीने वाफेवर हात ठेवला आणि तोंड उघडलं, तर मुरबाडकरांनी तो हात बाजूला केला. "थांबा. इथे बारवी." बारवीचं पाणी उल्हास नदीत सोडतात, जांभूळला उचलतात, कारखान्यांना आणि निम्म्या वस्त्यांना देतात, त्याच धरणाखाली मुरबाड तालुक्यातली गावं गेली, तेव्हा हा मोमो मुरबाडचा. साडूभाऊंनी नकाशा टेबलावर मांडून पाहिला, कबूल केलं, आणि दुसऱ्याच्या हद्दीत शिरलेल्या हवालदाराच्या अदबीने गप्प बसून दोन प्लेट खाल्ल्या. मी त्यांना इतकं शांत जेवताना पुन्हा पाहिलेलं नाही.

दर पावसाळ्यात त्यांचा फोन येतो. मुंबईत टीव्हीवर 'तानसा ओसंडून वाहू लागला' ही बातमी लागायच्या आत. "भरलं. खा आता उकडलेलं." आणि मुंबईत दहा टक्के पाणीकपात झाली की त्याहून आधी फोन. त्या फोनमध्ये त्यांचा आवाज, खोटं कशाला सांगू, थोडा आनंदी असतो.

आता हे सगळं वैताग आणतं की नाही? आणतं. पण एका मे महिन्यात मी त्यांच्याबरोबर डोळखांबकडे एका लग्नाला गेलो होतो. कंडक्टर माणूस, त्यामुळे प्रत्येक फाट्यावर त्यांना पाडा माहीत, आणि त्या पाड्यावर टँकर कधी येतो तेही. बाया विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरत होत्या. मागे काही अंतरावर मुंबईचा जलाशय डोंगराच्या कुशीत आरामात पसरलेला. साडूभाऊ वाटेत एकदाही पाण्याबद्दल बोलले नाहीत. ज्या पाण्याची कुणी चौकशीच करत नाही त्याची ते मॉलमध्ये करतात. जिथे सगळ्यांना ठाऊक आहे तिथे बोलायचं काय.

आणि घाटकोपरच्या त्या जेवणाचा शेवट राहिलाच. बिल आल्यावर त्यांनी वेटरला विचारलं, "तू किधर का?" तो ऐजॉलचा निघाला. मग अर्थातच पुढचा प्रश्न. पोरगा म्हणाला, आमच्याकडे शहर डोंगरमाथ्यावर, नदी पार खाली. घरोघरी पत्र्याच्या छपराला पन्हळ लावून पावसाचं पाणी टाकीत साठवतो, ते पुरवून पुरवून वापरतो. साडूभाऊ खुर्चीत सरळ झाले. टाकी केवढी, कुठल्या महिन्यापर्यंत पुरते, गळते का, सगळं विचारलं. मागच्या टेबलावरची माणसं ऑर्डर द्यायला खोळंबली होती. निघताना बिल माझ्या मुलीने दिलं, पण टीप साडूभाऊंनी ठेवली, आणि ती एसटीच्या पेन्शनरने ठेवावी एवढी नव्हती. बरीच जास्त होती. बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "काका, इतकी?" म्हणाले, "त्याला पाण्याचं कळतं."

गेल्या खेपेला त्यांनी मोठ्या उत्साहाने बातमी दिली. शहापूरच्या गावांसाठी योजना मंजूर झाली आहे, कामही निघालं आहे. पाणी आणणार कुठून? भातसातून नाही, तानसातून नाही. घाट चढून पलीकडे, इगतपुरी तालुक्यातल्या भावली धरणातून. म्हणजे ती पुरी झाली की धरणांच्या शहापुरातल्या नळांना नाशिक जिल्ह्याचं पाणी येणार. माझी एकच इच्छा आहे: त्या दिवशी साडूभाऊंच्या घरी जेवायला इगतपुरीचा एखादा पाहुणा यावा, आणि ताटात उकडीचं काहीतरी असावं.