काउंटच्या घरी गडी नाही

ड्रॅक्युलावर आणखी एक मालिका आली. वर्षाचे पैसे आधीच भरलेले, म्हणून शेवटपर्यंत पाहिली.

धुकं झकास आहे. मेणबत्त्या तर इतक्या, की त्या लावायलाच चार माणसं लागावीत. ती आहेतही. दार उघडायला पांढरे हातमोजे घातलेला बटलर आहे. आमचं डोकं फिरलं ते तिथे.

1897च्या मूळ कादंबरीत काउंट ड्रॅक्युलाच्या गढीवर एकही गडी नाही. वकील जोनाथन हार्कर रात्री पोचतो, तर काउंटसाहेब त्याचं सामान स्वतः उचलतात. टेबलावर भाजलेली कोंबडी, चीज, सॅलड आणि जुनी टोके वाइन. ‘माझं जेवण झालंय’ म्हणून साहेब नुसते समोर बसतात. आता सांगा, शतकानुशतकं रक्तावर काढलेल्या या गृहस्थानं कोंबडीत मीठ किती पडलं ते चाखलं कसं? सॅलड कोणी चिरलं? कार्पेथियनच्या त्या खिंडीत, लांडग्यांच्या गराड्यात, भाजीवाला कधी येतो? पुढे एके दिवशी हार्कर आपल्या खोलीत जातो, तर साहेब त्याचं अंथरूण घालताहेत. नंतर दाराच्या फटीतून दिसतं, टेबलही तेच मांडताहेत. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो: आपल्याला आणणारा कोचमनही हाच होता. म्हणजे या आख्ख्या गढीत आपल्याशिवाय दुसरा माणूसच नाही. घाम फुटतो तो इथे. सुळे नाहीत, व्हायोलिन नाही, नुसतं अंथरूण.

मालिकेनं हे सगळं बटलरच्या हवाली केलं आणि काउंटला रिकाम्या वेळात दुःख दिलं. त्याची मेलेली बायको म्हणे हार्करच्या वाग्दत्त वधूच्या, मिनाच्या, रूपानं पुन्हा जन्मली. कादंबरीत हे कुठेही नाही. खुन्याला विधुर केलं की तो नायक होतो, हा शोध कोणाचा? आणि मिना! शाळेत शिकवणारी, लघुलिपी येणारी, सगळ्यांच्या डायऱ्या टाइप करून तारीखवार लावणारी, आगगाड्यांचं वेळापत्रक तोंडपाठ असलेली बाई. काउंटचा माग लागतो तो तिनं लावलेल्या त्या कागदांवरून. तिला इथे एकच काम: खिडकीशी उभं राहून कुणाच्या तरी मयत बायकोसारखं दिसणं. अक्कल असलेली बाई पडद्यावर परवडत नसेल, तर कादंबरीला हात लावता कशाला?

दुसरा सीझनही येतोय म्हणे. निर्मात्यांना हात जोडून विनंती: बटलरचा हिशेब चुकता करा, त्या बायकोला एकदाचं मरू द्या आणि मिनाला तिचा टाइपरायटर परत करा.