धोंडूचं वजन

लेकीच्या बाळंतपणासाठी इंग्लंडला निघाले तेव्हा माझ्या बॅगेत अळीव, डिंक, खारीक, बाळंतशोपा आणि शेकायची रबरी पिशवी असा सगळा सरंजाम होता. विमानतळावरच्या माणसाने डिंकाची पुडी उजेडात धरून बराच वेळ न्याहाळली. रबरी पिशवीकडे मात्र त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे तीच सगळ्यात कामी आली. फक्त लेकीच्या नाही.

ऑक्टोबरातली दुपार होती. लेक आणि बाळ झोपलेले. मी मागच्या अंगणात दुपटी वाळत घालत होते (तिथल्या उन्हात दुपटी वाळतात, हा माझा त्या महिन्यातला गैरसमज). तर हिरवळीवरून मुठीएवढं काहीतरी झोकांड्या खात येताना दिसलं. मी जवळ गेले, तशी त्याने अंगाची मोळी केली. सगळीकडून काटे.

"अगं बाई, साळिंदराचं पिल्लू!"

जावई बाहेर आले. म्हणाले, "आई, हा हेजहॉग." साळिंदराशी याचं काही नातं नाही म्हणे. साळिंदर पडलं उंदराघुशींच्या कुळातलं, आणि हा चिचुंद्रीचा भाऊबंद. नुसते काटे जुळून सोयरीक होत नाही, हे मला एरवीही ठाऊक होतं. पण पुढचं ऐकून मी गप्प झाले. हा रात्री हिंडणारा प्राणी. भर दुपारी उघड्यावर दिसला, तर त्याचं काहीतरी बिनसलंय असं समजायचं.

मी लगेच आत गेले आणि बशीत दूध घेऊन आले. वरच्या खिडकीतून ओली बाळंतीण ओरडली, "आई, दूध नको!"

हेजहॉगांना दूध पचत नाही. जुलाब लागतात आणि त्यात जीवही जाऊ शकतो. तिकडच्या आज्यासुद्धा वर्षानुवर्षं रात्री बागेत दूधपाव ठेवत आल्या, हे कळल्यावर जरा बरं वाटलं. चुकायचंच तर निदान सोबत हवी.

असल्या जनावरांचा दवाखाना घरीच चालवणाऱ्या एका बाईंचा नंबर जावयांनी शोधला. फोनवर त्या म्हणाल्या, आधी खायला काही घालू नका. अंग गार असताना पोटात गेलेलं पचत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात टॉवेल घाला, गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून एका बाजूला ठेवा, नको झालं तर त्याला लांब सरकता यायला हवं. आणि सारखं सारखं डोकावू नका.

शेक म्हटल्यावर मी पदर खोचला. हे माझं खातं.

वजनही करून सांगायचं होतं. लाडवांचा डिंक ज्या काट्यावर तोलत होते त्याच काट्यावर काटेमहाराजांना बसवलं. ३१२ ग्रॅम. ४५० च्या खाली असलेलं पिल्लू थंडी काढेल याचा भरवसा नसतो. साधारण नोव्हेंबर ते मार्च हे प्राणी झोपून काढतात ते अंगावरच्या चरबीवर. आदल्याच दिवशी नर्सने येऊन आमच्या नातवाचं वजन लिहून नेलं होतं. एका आठवड्यात घरातल्या दोन जिवांचं वजन, आणि दोन्ही वेळा माझेच श्वास रोखलेले.

मग त्याला घेऊन आम्ही बाईंकडे गेलो. त्यांच्या बागेतल्या शेडमध्ये फळ्यांवर प्लास्टिकचे खोके होते. त्यांत वर्तमानपत्रांच्या चिंध्या आणि प्रत्येकावर एक कार्ड. एका खोक्यातून बिडी ओढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा खोकला येत होता, फुप्फुसात जंत. एकाचा पाय फुटबॉलच्या जाळीत अडकून कापलेला. बाईंनी हातमोजे घातले, आमच्या पेशंटच्या गोचिड्या चिमट्याने एकेक करून काढल्या, टुचकन सुई टोचली, कार्डावर ४७ आकडा टाकला. तोंडातून एक लाडाचा शब्द नाही. मी लेकीच्या वतीने आलेली, न राहवून जावयांकरवी विचारलं, "अंगावरून हात नाही का फिरवत?"

"आपला हात म्हणजे त्याला खायला आलेला कोणीतरी," बाई म्हणाल्या. "माया लांबूनच करायची."

आमची सगळी माया जवळून. उशाशी बसायचं, केसांतून हात फिरवायचा, 'एवढा एक घास' म्हणत चार घास भरवायचे. ज्याला हात लावायचा नाही, ज्याच्याशी बोलायचं नाही, त्याची सेवा करायची तरी कशी?

हा देशही गमतीचा आहे. त्याने जगभर काय काय करून ठेवलं ते आपल्याला पाठ आहे. पण इथेच १९७८ साली लेस स्टॉकर नावाच्या गृहस्थांनी बायकोच्या साथीने जखमी रानप्राण्यांसाठी काम सुरू केलं, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या इस्पितळाला 'टिगीविंकल्स' हे नाव मिळालं. बिअ‍ॅट्रिक्स पॉटरच्या १९०५ सालच्या गोष्टीतल्या हेजहॉग परटिणीचं. गुरांनी ओलांडू नये म्हणून रस्त्यात लोखंडी दांड्यांखाली खड्डा असतो. त्यात अडकलेला एक हेजहॉग मेजर एड्रियन कोल्स यांना दिसला, आणि १९८२ मध्ये निवृत्त मेजरसाहेबांनी संस्थाच काढली, खड्ड्याखड्ड्यात वर चढायला उतरण असावी म्हणून. आइस्क्रीमच्या पेल्यांच्या झाकणात या प्राण्यांची डोकी अडकायची, तर एका बर्गरवाल्या कंपनीला २००६ मध्ये झाकण बदलावं लागलं. आता शेजारी शेजाऱ्याला सांगतो, कुंपणाला खाली १३ सेंटिमीटरचं चौकोनी भोक पाड. रात्री त्यांना एका बागेतून दुसरीत जायला वाट हवी. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या पट्ट्यावरून बोलणी बंद झालेली घरं आहेत.

निघताना मला राहवेना. मूल जगावं म्हणून आपल्याकडे दगडू, धोंडू असं नाव ठेवायचे. यमाला वाटावं, धोंडाच आहे, कशाला न्या. ४७ नंबर तसाही धोंड्यासारखाच पडला होता. "धोंडू," मी म्हटलं. जावयांनी अर्थ सांगितल्यावर बाई पहिल्यांदा हसल्या.

त्यानंतर मात्र माझ्या मनाजोगतं घडलं. बाई त्याला मांजराचं खाणं घालून ६०० ग्रॅमवर नेणार होत्या. म्हणजे आग्रह अगदीच टाकाऊ नव्हता, पदार्थ तेवढा चुकला होता. दर दोन दिवसांनी निरोप यायचा: ३४०. ३९५. मध्ये एकदा ३८०, त्या दिवशी माझ्या भाजीत मीठ दोनदा पडलं. लेक म्हणाली, "माझ्या लाडवांची इतकी चौकशी करत नाहीस." तिचं वजन व्यवस्थित वाढत होतं, पण हे मी बोलले नाही.

नोव्हेंबरात मी पुण्याला परतले. दहा दिवसांनी फोटो आला: काट्यावर ६१२, शेजारी कार्ड, त्यावर ४७, आणि खाली बाईंच्या अक्षरात 'डॉन्डू'. मागोमाग लेकीचा फोन. संध्याकाळी आमच्याच हिरवळीवर त्याला सोडलं. खोकं आडवं केल्यावर तो जरा वेळ थांबला, हुंगलं, आणि कुंपणाच्या भोकातून शेजारच्या बागेत गेला. मागे वळूनही पाहिलं नाही.

"जाताना काही खाऊन गेला का गं?" मी विचारलं.

"आई!"