वजा झालेल्या काकू

"मिक्सर कॉम्प्युटरला जोडायचाय," असं मी म्हणालो तेव्हा बायकोने आधी ओट्यावरच्या मिक्सरवर हात ठेवला. "चटणी व्हायचीये अजून," ती म्हणाली.

आमचा मिक्सर वेगळा. सोसायटीच्या भजनी मंडळाचा, आठ माइकांचा, मंडपवाल्याने धंदा आवरताना देऊन टाकलेला. जुन्या पद्धतीचा, म्हणजे पडदा नाही, मेनू नाही, नुसती फिरवायची बटणं. सेक्रेटरींच्या टीव्हीचा रिमोट मी एकदा दुरुस्त केला होता (सेल बदलून), त्या पुण्याईवर मंडळाचं रेकॉर्डिंग करायचं काम माझ्याकडे आलं.

पुतण्याने त्यासाठी इंटरफेस आणला. पानाच्या डब्याएवढा डबा. "काका, मिक्सरमधून बाहेर येते ती वीज. कॉम्प्युटरला लागतात आकडे. हा डबा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतो."

मी बँकेत हयातभर नोटा मोजल्या. त्या डब्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

"पण यात एका वेळी दोनच आवाज शिरतात. आठ माइक मिक्सरमध्ये एकत्र होणार आणि दोन वाटांनी बाहेर पडणार. नंतर टाळ तेवढे कमी करा म्हणालात, तर होणार नाही."

"म्हणजे चटणीच की," आतून आवाज आला.

तालमीच्या संध्याकाळी मी मिक्सरची वायर माइकच्या भोकात घातली. मंडळात गाणाऱ्या काकूंनी पहिला आलाप घेतला आणि डब्यावरचा लाल दिवा पेटला तो विझेचना. काकूंचा आवाज पत्र्यावर गारा पडल्यासारखा येऊ लागला. पुतण्या धावला. माइकमधून निघणारी वीज काही हजारांश व्होल्टची असते, मिक्सरमधून बाहेर पडते तेव्हा ती चांगली सव्वा व्होल्टच्या घरात गेलेली असते. माइकचं भोक तिला अजून फुगवायला बसलेलं. शेजारच्या 'लाइन'च्या भोकांत दोन वायरी घातल्या, गारा थांबल्या.

मग घुंऽऽ असा आवाज सुरू झाला. पेटीवाल्यांनी डोळे मिटून ऐकलं, एक पट्टी दाबून पाहिली आणि निकाल दिला, "पांढरी पाच. पण किंचित चढी."

माणूस तयारीचा! आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, आणि पांढरी पाचचा अगदी तळातला सूर ४९ वर असतो. मिक्सर एका भिंतीच्या प्लगवर होता, लॅपटॉपचा चार्जर समोरच्या. दोघांच्या अर्थिंगच्या वाटा वेगळ्या, त्यात आमच्या वायरीने दोन्ही टोकं जोडून गोल पूर्ण केलेला, आणि त्या गोलात वीज गुणगुणत फिरत होती. चार्जर उपटला, तंबोरा थांबला.

आषाढी एकादशीला हॉल भरला. आज मिक्सरची दोन्ही मुख्य भोकं लाऊडस्पीकरांनी अडवलेली. उरलं होतं हेडफोनचं. त्यातून डब्यापर्यंत मी एकच वायर टाकली, आणि एक वायर वाचवली म्हणून स्वतःवर खूश झालो. डब्यावरचे हिरवे दिवे छान नाचत होते. दिवे नाचताहेत म्हणजे आवाज जातोय, या श्रद्धेने मी दोन तास नुसता पाहत बसलो. ऐकलं नाही.

घरी येऊन ऐकलं. तबला स्वच्छ. पेटी सुरेख. काकू नाहीत. म्हणजे अगदीच नाहीत असं नाही, तबल्याच्या माइकात शिरलेला त्यांचा आवाज चार इमारती पलीकडून आल्यासारखा येत होता. बावीस वर्षांत मंडळातल्या कोणालाही जे जमलं नव्हतं, ते माझ्या दीडशे रुपयांच्या केबलने करून दाखवलं होतं.

पुतण्याने केबल हातात घेऊन जॅक माझ्या डोळ्यांपुढे धरला. "रेघा किती?" दोन काळ्या रेघा, म्हणजे धातूचे तीन तुकडे. हेडफोनच्या भोकात एक तुकडा डाव्या आवाजाचा, एक उजव्याचा, एक अर्थिंगचा. डब्याची समजूत मात्र निराळी. त्याला वाटतं, दुसऱ्या तुकड्यावर पहिल्याचीच उलटी प्रत येणार. म्हणून तो एकातून दुसरा वजा करतो. वाटेत शिरलेली खरखर दोन्हीकडे सारखी असते, ती या वजाबाकीत जाते. आम्ही तबला डावीकडे ठेवला होता, पेटी उजवीकडे, आणि काकूंना मानाने मधोमध. मधोमध म्हणजे दोन्हीकडे अगदी सारख्या. डब्याने काकूंना खरखर समजून वजा केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू हजर. "लाव रे," म्हणाल्या. मी लावलं. दुसरं काय करणार? त्या डोळे मिटून मान डोलावत होत्या. पाच मिनिटांनी म्हणाल्या, "तबला काय गोड वाजवतो हा! बावीस वर्षं शेजारी बसतोय, कधी ऐकूच आला नाही."

मी सुटकेचा श्वास टाकला.

"आता मी गायलेलं लाव."

कार्तिकीला हेडफोनच्या भोकातून दोन फाटे फुटणारी वायर काढली, डावा आवाज डाव्या भोकात, उजवा उजव्या. त्या दोन जॅकांवर एकेकच रेघ आहे हे मी चष्मा लावून मोजून घेतलं. काकू खणखणीत आल्या आहेत. तबला ऐकू येत नाही.

तबलजींनी आषाढीचंच रेकॉर्डिंग मागून नेलंय.